रात्रीच्या सॅटेलाइट इमेजवरून वस्ती ओळखायची कशी: डेटा निवडण्यापासून कॅप्शन लिहिण्यापर्यंत

दिवाळी आली की तो फोटो फॅमिली ग्रुपवर येतोच. "नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत", लाल-हिरवे-निळे-पांढरे ठिपके, आणि खाली नमस्कारांची रांग. तो दिवाळीचा नाहीच मुळी. अमेरिकेच्या डीएमएसपी उपग्रहांच्या डेटावरून नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या ख्रिस एल्विज यांनी २००३ साली केलेला तो नकाशा आहे, १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ ला दिसायला लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. नासाने २०१२ मध्येच खुलासा केला होता, शिवाय दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो जाणवतच नाही हेही सांगितलं होतं. फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार.

पण तो फोटो निरुपद्रवी आहे. खरी गडबड होते ती कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, लोकल बातम्यांत आणि "बघा आमच्या तालुक्यात अजून अंधार" टाइपच्या पोस्टमध्ये. अंधार म्हणजे माणसं नाहीत, उजेड म्हणजे गर्दी, उजेड वाढला म्हणजे लोकसंख्या वाढली, ही तिन्ही वाक्यं तिथे सर्रास असतात आणि तिन्ही चुकू शकतात. उपग्रहाला माणूस दिसत नाही, घर दिसत नाही, मध्यरात्रीनंतर उघड्यावर चालू असलेले दिवे दिसतात. त्यावरून वस्तीपर्यंत पोचायला मध्ये बरीच कामं करावी लागतात आणि ती ठरलेल्या क्रमानेच करावी लागतात, क्रम बदलला की आकडे गंडतात. म्हणून हा लेख.

लागणारं सामान: साधा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी नेट, आणि जिल्ह्यांच्या हद्दींची फाइल. कोडिंग येत असेल तर गूगल अर्थ इंजिन वापरा, पायऱ्या त्याच.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

डाउनलोड करायच्या आधी. कागदावर. कारण डेटा कुठला घ्यायचा हे प्रश्नावर ठरतं आणि लोक नेमकं उलटं करतात, आधी फाइल उतरवतात मग त्यातून काय निघतंय ते शोधतात.

रात्रीच्या उजेडाला हे प्रश्न झेपतात: शहर गेल्या दहा वर्षांत कुठल्या दिशेला पसरलं, हायवेच्या कडेला नवीन पट्टा कुठे तयार झाला, वादळानंतर वीज कुठे गेली आणि कधी आली, दोन शहरं मधली जागा भरून एक कधी झाली.

हे झेपत नाहीत: या गावात किती लोक राहतात, ही वाडी गरीब आहे का, या पाड्यावर वीज पोचली का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी मिळतं, पण ते एकट्या उजेडावरून देऊ नका.

चेक: तुमच्या प्रश्नात "किती लोक" असे शब्द असतील तर प्रश्न बदला किंवा जनगणनेचा डेटा सोबत घ्या. जनगणना २०११ चीच आहे आणि पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची, त्यामुळे मधल्या वर्षांसाठी लोकांना उजेड हाच शॉर्टकट वाटतो. तो मोह समजू शकतो, पण शॉर्टकट नाही तो.

२. उपग्रह नेमकं काय बघतो ते पक्कं करा

आज जो डेटा वापरतात तो बहुतेक व्हीआयआयआरएस या सेन्सरचा असतो, जो सुओमी एनपीपी उपग्रहावर २०११ च्या ऑक्टोबरात वर गेला आणि नंतर नोआ-२० आणि नोआ-२१ वरही बसवला. त्याच्या रात्रीच्या बँडबद्दल, म्हणजे प्रकाशाचा जो पट्टा तो रात्री टिपतो त्याबद्दल, चार गोष्टी डोक्यात ठेवा.

वेळ. तो आपल्यावरून जातो मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या आसपास. म्हणजे संध्याकाळचा बाजार, मंदिराची रोषणाई, दुकानांच्या पाट्या यातलं बरंचसं तोवर बंद झालेलं असतं. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद केले होते ना, त्याचे "आधी आणि नंतर"चे सॅटेलाइट फोटो फिरले होते. नऊच्या अंधाराचा फोटो दीडला कसा निघेल? संध्याकाळी सात ते दहाचं लोडशेडिंगसुद्धा याच कारणाने यात दिसत नाही.

आकार. एका वेळी तो जमिनीचा साधारण ७५० मीटरचा तुकडा बघतो. आपल्याला मिळणाऱ्या फाइलमध्ये चौकट त्याहून लहान, १५ आर्क-सेकंदांची असते, आपल्या अक्षांशावर ती सुमारे ४६० बाय ४३५ मीटर भरते. म्हणजे एका चौरस किलोमीटरात जेमतेम पाच चौकटी. अख्खी धारावी दोन-सव्वादोन चौरस किलोमीटर, म्हणजे दहा-अकरा चौकटी, आणि खाडीपलीकडच्या बीकेसीचा उजेड त्यातल्या काहींत सांडलेला. चौकटीवरून गल्लीचा निष्कर्ष काढणारे लोक बघितले की डोक्याला हात लावावासा वाटतो.

रंग. सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त किती उजेड एवढंच कळतं. नकाशावरचा पिवळा-सोनेरी रंग माणसाने भरलेला असतो. अंतराळ स्थानकावरून अंतराळवीरांनी काढलेले फोटो मात्र खरे रंगीत असतात, ती वेगळी गोष्ट.

निळा प्रकाश. हा बँड साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटर एवढंच पकडतो. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० च्या आसपास असतो, तो याला दिसतच नाही. जुने पिवळे सोडियमचे दिवे मात्र छान दिसतात. हा मुद्दा आठव्या पायरीला पुन्हा येणार आहे आणि तिथे महागात पडणार आहे.

३. डेटा निवडा

नुसतं बघायचं असेल तर नासाची वर्ल्डव्ह्यू साइट पुरे, ब्राउझरमध्ये उघडते, तारीख सरकवता येते. पण तिथला स्क्रीनशॉट घेऊन त्यावर आकडे काढायचे नाहीत. ते चित्र आहे, डेटा नाही.

शहर कुठे पसरलं यासाठी वार्षिक कॉम्पोझिट घ्या, म्हणजे वर्षभरातल्या बऱ्याच रात्री एकत्र करून केलेली एक फाइल. हे कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समधला अर्थ ऑब्झर्व्हेशन ग्रुप बनवतो, नोंदणी करावी लागते. त्यात सरासरी, मध्यक, मास्क केलेलं (नको त्या चौकटी झाकलेलं), न केलेलं अशा बऱ्याच फाइल्स दिसतील आणि माणूस गोंधळतो. वस्तीसाठी डोळे झाकून "मीडियन मास्क्ड" घ्या, कारण त्यात आगी, एखाद्या रात्री आकाशात चमकलेली वीज, पार्श्वभूमीची खरखर (दिवा नसताना येणारे किरकोळ आकडे) हे बऱ्यापैकी साफ केलेलं असतं.

महिन्यामहिन्याचा बदल बघायचा तर मासिक कॉम्पोझिट. हे एप्रिल २०१२ पासूनचं मिळतं. जग सहा तुकड्यांत कापलेलं असतं, आपल्याला ७५एन०६०ई हा तुकडा लागतो. फाइल जड आहे, मोबाइल डेटावर उतरवायच्या भानगडीत पडू नका.

वादळ, पूर, ब्लॅकआउट यासाठी नासाचं ब्लॅक मार्बल, त्यातलं व्हीएनपी४६ए२ हे रोजचं, चंद्रप्रकाश वजा केलेलं. इथे एक गंमत आहे. याचे तुकडे दहा-दहा अंशांचे असतात, त्यामुळे महाराष्ट्र २० अक्षांशावर आडवा कापला जातो आणि ८० रेखांशावर उभा. मुंबई-पुणे एच२५व्ही०७ मध्ये, नागपूर एच२५व्ही०६ मध्ये, गडचिरोलीचा पूर्व भाग आणखी तिसऱ्या-चौथ्या तुकड्यात. नाशिक शहर तर बरोबर २० अंशाच्या रेषेवर बसलंय. एकच तुकडा उतरवून "नाशिकचा अर्धा भाग अंधारात" असं काही दिसलं तर घाबरू नका, दुसरा तुकडा जोडा.

सावधान: ब्लॅक मार्बलच्या फाइलमध्ये "गॅप फिल्ड" नावाचा थर असतो, म्हणजे ढग असलेल्या रात्रीच्या जागी आधीच्या चांगल्या रात्रीचा उजेड भरलेला. बघायला सुंदर, वीज गेली का हे शोधायला घातक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात शिरलं, वर पावसाळ्याचे ढग, अशा वेळी हा थर वापरलात तर खांब आडवे झालेत आणि नकाशात मात्र सगळं झगमगतंय असं दिसेल. ब्लॅकआउटसाठी न भरलेला थर घ्या आणि ढगाळ रात्री सरळ "माहिती नाही" म्हणून सोडून द्या. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळानंतर पोर्तो रिकोचे अंधाराचे नकाशे निघाले तेही मोकळ्या रात्री वेचूनच.

आणि हो, डीएमएसपीचा जुना डेटा. १९९२ ते २०१३ चा, आकडे फक्त ० ते ६३, म्हणजे मुंबईचा मध्यभाग ६३ वर जाऊन अडकतो, त्यापुढे कितीही दिवे लावा आकडा तोच. २०१२ च्या आधीचं बघायचं असेल तरच वापरा आणि व्हीआयआयआरएसच्या आकड्यांना तसाच चिकटवू नका. चिकटवला की २०१२-१३ ला एकदम उडी दिसते आणि लोक त्या उडीला कारणं शोधत बसतात.

४. महिना निवडा, आणि ढगांची फाइल उघडा

वार्षिक डेटा घेतला असेल तर ही पायरी वाचून पुढे जा. मासिक घेणाऱ्यांनी मात्र थांबा, कारण निम्म्याहून जास्त चुका इथे होतात.

मासिक कॉम्पोझिटमध्ये दोन फाइल्स एकत्र येतात. एक उजेडाची, एव्हीजी_रॅड. दुसरी सीएफ_सीव्हीजी, त्या चौकटीत महिन्याभरात ढग नसलेल्या किती नोंदी मिळाल्या त्याची. पहिली सगळे उघडतात, दुसरी कोणी उघडत नाही. कोकणात जुलैमध्ये ही दुसरी फाइल उघडून बघा, भरपूर ठिकाणी शून्य. आणि जिथे एकही मोकळी रात्र मिळाली नाही तिथे उजेडाच्या फाइलमध्येही शून्यच लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्हाला "रत्नागिरी जुलैत काळोखात बुडते" असा शोध लागतो.

काय करायचं: वस्तीसाठी डिसेंबर-जानेवारी घ्या. आकाश मोकळं, पाऊस नाही. एका चौकटीला निदान चार-पाच मोकळ्या नोंदी नसतील तर ती चौकट हिशोबातून काढा, शून्य म्हणून ठेवू नका.

फेब्रुवारी ते मे का नको? आगी. मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूच्या हंगामातही जंगलात आगी लागतात, मेळघाटात आणि गडचिरोलीत हे दरवर्षीचं आहे. मासिक डेटात त्या आगी साफ केलेल्या नसतात. मग मार्चमध्ये ऐन जंगलात ठिपके उगवतात आणि कोणीतरी त्याला नवीन वस्ती म्हणतं. शंका आली तर नासाच्या फर्म्स साइटवर त्या तारखांच्या आगी बघा, दोन मिनिटांचं काम.

चेक: तोच भाग सलग तीन डिसेंबरांत बघा. ठिपका तिन्ही वर्षं तिथेच असेल तर तो पुढे न्या. एकाच वर्षी असेल तर बाजूला ठेवा.

५. क्यूजीआयएसमध्ये उघडा, हद्द लावा, कापा

लेयर मेनूतून रास्टर, म्हणजे चौकटींची ती उजेडाची फाइल, आणा, त्यावर जिल्ह्यांची हद्द आणा. मग रास्टर, एक्स्ट्रॅक्शन, क्लिप रास्टर बाय मास्क लेयर.

हद्दीची फाइल किती सालची आहे ते आधी बघा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत राज्यात ३५ जिल्हे, आता ३६. उजेड नवीन हद्दीने मोजला आणि लोकसंख्या जुन्या ठाण्याची लावली तर दरडोई उजेड भलताच कमी येतो, आणि असे तक्ते मी छापलेले बघितलेत.

रास्टरचं प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदलायची घाई करू नका. बदललं की सॉफ्टवेअर चौकटी नव्याने आखतं, आकडे इकडचे तिकडे होतात. मोजणी होईपर्यंत तो मूळच्या ४३२६ वरच (साध्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) राहू द्या. उत्तरेकडे जाताना चौकट थोडी अरुंद होत जाते हे खरं, पण महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत तो फरक चारेक टक्क्यांचा आहे. केरळची तुलना काश्मीरशी करणार असाल तर तो पंधरा टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा मात्र प्रत्येक चौकटीच्या क्षेत्रफळाने गुणा. हद्दींचं क्षेत्रफळ मोजायला यूटीएम (मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन) लागेल तर ७८ रेखांश लक्षात ठेवा: अमरावतीपर्यंत ४३ झोन, वर्धा-नागपूरपासून ४४.

चेक: कापल्यावर एकूण चौकटी मोजा. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वापंधरा लाखांच्या आसपास चौकटी यायला हव्यात. दहा लाख आल्या किंवा पंचवीस लाख आल्या तर कापताना काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

६. खरखर काढा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. मासिक फाइलमध्ये ज्या जागी एकही दिवा नाही तिथेही ०.१, ०.२, कधी उणे काहीतरी असा आकडा असतो. एका चौकटीत तो नगण्य. पण गडचिरोली बघा: जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे एकाहत्तर-बहात्तर हजार चौकटी. प्रत्येकीत ०.२ धरलं तरी बेरीज चौदा हजारांच्या वर गेली, आणि त्यात एकही बल्ब नाही. उलट समजा एखादं तालुक्याचं गाव पंचवीस चौकटींचं आहे आणि प्रत्येकीत सरासरी आठ, त्याची बेरीज झाली दोनशे. खऱ्या दिव्यांचे दोनशे आणि खरखरीचे चौदा हजार! आता असा आकडा घेऊन तुम्ही जिल्ह्याचा क्रमांक लावणार.

म्हणून रास्टर कॅल्क्युलेटर उघडा आणि एका ठरावीक आकड्याच्या खालचं सगळं शून्य करा. कुठला आकडा? तुमच्याच भागातलं घनदाट जंगल निवडा जिथे नक्की काही नाही, तिथल्या पन्नास-शंभर चौकटींचे आकडे बघा, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांच्या वर जाणारा आकडा घ्या. ०.५ च्या आसपास काहीतरी निघतं बहुतेक वेळा. इंटरनेटवर कोणीतरी दुसऱ्या देशासाठी वापरलेला आकडा उचलू नका. मास्क केलेला वार्षिक डेटा असेल तर हे काम आधीच झालेलं असतं.

सावधान: हा आकडा जितका वर न्याल तितक्या लहान वाड्या पुसल्या जातील. जंगल साफ दिसावं म्हणून पाडे गायब करणं हा सौदा वस्ती शोधणाऱ्याला परवडणारा नाही.

७. माणसांशिवायचा उजेड आणि उजेडाशिवायची माणसं

इथे वेळ द्या. बाकी पायऱ्या सॉफ्टवेअर करतं, ही तुम्हालाच करायची आहे.

आधी उजेड जिथे आहे पण कोणी राहत नाही त्या जागा. मुंबईपासून पश्चिमेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर समुद्रात ठिपके दिसतात, ते मुंबई हायचे, तेलविहिरींवर जळणारा वायू आणि प्लॅटफॉर्मचे दिवे. कोकण किनाऱ्यापासून समुद्रात थोडं आत फिरते ठिपके दिसतात, त्या बोटी. चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळशाच्या उघड्या खाणी रात्रभर चालतात, फ्लडलाइट लावून. डोलवीचा पोलाद कारखाना, चाकणची एमआयडीसी, टोलनाके, विमानतळ. देशाबाहेर बघायचं तर भारत-पाकिस्तान सीमेची ती प्रसिद्ध नारिंगी रेघ, अंतराळ स्थानकावरून काढलेल्या फोटोंत शहरांइतकी ठसठशीत, आणि ती सगळी कुंपणाच्या फ्लडलाइटची.

आता उलट बाजू. उत्तर कोरिया नकाशावर जवळपास समुद्रासारखा काळा, प्योंगयांगचा एक ठिपका सोडून, आणि तिथे अडीच कोटींच्या आसपास माणसं राहतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत १०.७ लाख लोक, चौरस किलोमीटरला ७४. भामरागडकडचे पाडे इतके विरळ आणि इतके कमी दिव्यांचे की घरात वीज असली तरी बाहेर रात्री दीडला काही चालू नसतं. बोरिवलीचं नॅशनल पार्क हा मुंबईच्या मधोमध काळा डाग दिसतो, साधारण १०४ चौरस किलोमीटर, लोक त्याला "निर्मनुष्य" म्हणून कॅप्शन देतात. आत आदिवासी पाडे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर मुंबई बंदराच्या पूर्वेला झूम करा. न्हावा शेवाचं बंदर, उंच खांबांवरचे दिवे, कंटेनर यार्ड, नकाशावर लखलखीत, आणि तिथे मुक्कामाला जवळपास कोणी नाही. समोर खाडीत घारापुरी बेट. तिथे तीन गावं, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर, हजार-बाराशे वस्ती. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि बंद व्हायचा, म्हणजे दीडला येणाऱ्या उपग्रहाच्या लेखी बेट रिकामं. पण बंदराचा उजेड पाण्यावर आणि हवेत पसरून शेजारच्या चौकटींत सांडतो, त्यामुळे २०१८ च्या आधीही बेटाच्या चौकटी पूर्ण काळ्या नसणार. म्हणजे केबल नव्हती तेव्हा दिसलेला उजेड दुसऱ्याचा, आणि आता जो दिसतो त्यातला बेटाचा किती आणि बंदराचा किती हे या डेटावरून वेगळं करता येत नाही. कोणी "केबलमुळे घारापुरी इतके टक्के उजळली" असं सांगितलं तर शेजारची, पाण्यावरची चौकट किती वाढली ते आधी विचारा.

तर काम असं करायचं:

पहिलं, उजळ चौकटी एक-एक करून दिवसाच्या सॅटेलाइट नकाशावर ताडून बघा. छपरं दिसतात का, की यार्ड, खाण, कारखाना? ज्या माणसांच्या नाहीत त्यांच्याभोवती पॉलिगॉन (बंद आकृती) काढून वेगळ्या ठेवा. खोडून टाकू नका, वेगळ्या ठेवा, नंतर कोणी विचारलं तर दाखवता येतात.

दुसरं, अंधाऱ्या भागावर बांधकामाचा थर टाका. युरोपियन कमिशनचा जीएचएसएल फुकट मिळतो, त्यात दिवसाच्या इमेजवरून शोधलेली बांधकामं असतात. सोबत जनगणनेची गावं टाका. जिथे घर आहे आणि उजेड नाही, तिथे स्वतंत्र रंग द्या. माझ्या मते अख्ख्या नकाशातला सगळ्यात कामाचा रंग तो.

सावधान: लोकसंख्येचा प्रत्येक तयार नकाशा इथे चालत नाही. वर्ल्डपॉपसारख्या काही डेटासेटमध्ये लोकसंख्या वाटून देताना रात्रीचा उजेडच एक आधार म्हणून वापरलेला असतो. त्याच्याशी उजेड ताडून "वा, किती जुळतंय" म्हणणं म्हणजे स्वतःच्याच उत्तरपत्रिकेवरून पेपर तपासणं.

नाईलच्या खोऱ्यात मात्र हे सगळं न करताही चित्र बऱ्यापैकी खरं निघतं, दोन्हीकडे वाळवंट, माणसं सगळी नदीकाठी आणि त्रिभुज प्रदेशात, वीज जवळपास सगळ्यांकडे. उजेडाची पट्टी म्हणजेच लोकांची पट्टी. लेखांत हेच उदाहरण सारखं दिसतं, त्यामुळे लोकांना वाटतं सगळीकडे असंच असतं.

८. मोजा, आणि मग तुलना करा

प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये झोनल स्टॅटिस्टिक्स. हद्दीची फाइल द्या, साफ केलेला रास्टर द्या, बेरीज, सरासरी आणि चौकटींची संख्या हे तिन्ही मागा. नुसती सरासरी घेऊ नका, मोठ्या जंगली जिल्ह्याची सरासरी नेहमी कमीच येणार. नुसती बेरीजही नको. "किती चौकटी उजळ आहेत" हा साधा आकडा वस्तीच्या पसाऱ्यासाठी दोन्हीपेक्षा बरा.

दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवताना रंगांची पट्टी बघा. क्यूजीआयएस प्रत्येक फाइलसाठी स्वतःहून वेगळी कमाल-किमान मर्यादा लावतं, त्यामुळे २०१४ चा फिका नकाशा आणि २०२४ चा भडक नकाशा यातला अर्धा फरक सॉफ्टवेअरचा असू शकतो. दोन्हींना हाताने तीच मर्यादा द्या, ० ते ६० म्हणा किंवा तुमच्या शहराला जी बसेल ती.

आता ते एलईडीचं. रस्त्यांवरचे दिवे एलईडीचे करायची राष्ट्रीय योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि शहरांमागून शहरांनी सोडियमचे दिवे काढले. रस्त्यावर उभं राहून बघाल तर उजेड वाढलाय. उपग्रहाच्या आकड्यात तो घटू शकतो, कारण नव्या दिव्याचा निळा भाग सेन्सरला दिसत नाही आणि एलईडीचा झोतही खाली वळवलेला असतो. त्यामुळे शहराच्या जुन्या भागात आकडा उतरला म्हणून "लोक सोडून चाललेत" लिहायच्या आधी नगरपालिकेने दिवे कधी बदलले ते शोधा. मध्यभाग उतरतोय आणि कडा चढतायत असं चित्र दिसलं तर मध्यभागात दिवे बदलले असणार आणि कडेला नवीन वस्ती झाली असणार, बहुतेक वेळा.

चेक: एखाद्या न बदललेल्या जागेचा आकडा दरवर्षी बघा, मोठं धरण, खोल जंगल. तिथेही चढउतार दिसला तर तो डेटाचा आहे, तेवढा तुमच्या शहराच्या बदलातून मनातल्या मनात वजा करा.

९. जमिनीवरून पडताळा, मग कॅप्शन लिहा

शंकेच्या पाच-सहा जागा निवडा, त्यात उजळ-पण-रिकाम्या आणि अंधाऱ्या-पण-वस्तीच्या दोन्ही असू द्यात. तिथल्या कोणाला तरी फोन करा. ग्रामपंचायतीत, शाळेतल्या गुरुजींना, महावितरणच्या लाइनमनला. प्रश्न साधा ठेवा: रात्री दीड वाजता तुमच्याकडे बाहेर काय चालू असतं? "वीज आहे का" असं विचारलंत तर "आहे" एवढंच उत्तर मिळेल आणि ते तुमच्या उपयोगाचं नाही. लाइनमन सगळ्यात नेमकं सांगतात असा अनुभव आहे, कुठला फीडर कधी बंद असतो ते त्यांना तोंडपाठ असतं.

कॅप्शनमध्ये एवढं हवंच: उपग्रह आणि उत्पादनाचं नाव, महिना किंवा वर्ष, किती आकड्याखालचं काढलं, कुठल्या सालच्या हद्दी, आणि "उजेड मध्यरात्रीनंतरचा आहे" हे एक वाक्य. यातलं एकही नसेल तर वाचणारा तो नकाशा दिवाळीचा समजायला मोकळा.

नमुना देतो, आपापले आकडे घाला: "व्हीआयआयआरएस वार्षिक, मध्यक, मास्क केलेला, २०२३; जिल्ह्यांच्या हद्दी २०१४ नंतरच्या; बंदर, खाणी आणि कारखाने राखाडी; घरं आहेत पण उजेड नोंदला नाही तो भाग जांभळा; उजेड रात्री दीडच्या आसपासचा."

एक शेवटचं, फाइल सेव्ह करताना चित्रासोबत मूळ कापलेला रास्टर आणि वेगळे ठेवलेले पॉलिगॉनही त्याच फोल्डरमध्ये टाका. सहा महिन्यांनी कोणीतरी "हा ठिपका कसला" विचारतंच, आणि तेव्हा नुसत्या जेपीजीवरून काही सांगता येत नाही.